डीएनडी चौथ्या आवृत्तीचा जुना ऑफलाइन कॅरेक्टर बिल्डर कुणाकडे अजून चालतोय का?

भीमथडीचा_बुटका | शुक्रवार, रात्री १०:५२

लोकहो,

माळा आवरताना जुन्या पीसीची हार्ड डिस्क सापडली. यूएसबी डबीत घालून लॅपटॉपला लावली तर चक्क फिरली. आत 'रविवार' नावाचं फोल्डर आणि त्यात पाच फायली, सगळ्यांचं शेपूट डॉट डीएनडीफोरई. म्हणजे २०१० साली आम्ही होस्टेलच्या खोलीत दर रविवारी डीएनडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळायचो, त्या मोहिमेतली पाचही कॅरेक्टर्स, म्हणजे आमची पात्रं. त्यातला एक माझा. खडकोबा. बुटका लढवय्या, लेव्हल ८, कुऱ्हाड आणि ढाल. मिनिएचर (पात्रांचे छोटे पुतळे) घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या ऑर्क व्हायच्या आणि राणी म्हणजे त्या दिवशीचा जो कुणी मोठा राक्षस असेल तो.

मोहीम अर्धवट राहिली, नोकऱ्या लागल्या, पांगलो. आता दिवाळीत आमच्यातला न्यू जर्सीवाला येतोय. भोरजवळ आमच्या घरी दोन दिवस बसून ती पुरी करायची असं ठरलंय. तिथे गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर मोबाइलला एक काडी येते. त्यामुळे जे काही करायचं ते ऑफलाइनच.

डिस्कवर बिल्डरचा, म्हणजे कॅरेक्टरचे आकडे मांडून त्याची शीट काढून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, २००९ चा सेटअपही आहे. नव्या लॅपटॉपवर (विंडोज ११) कसाबसा चढला, पण खडकोबाला उघडेना. लेव्हल ३ च्या पुढे जातच नाही म्हणतो. काय करू?

---

जुनं_खोड | शुक्रवार, रात्री ११:२०

कागद, पेन्सिल, खोडरबर. वीज गेली तरी चालतं.

---

भीमथडीचा_बुटका | शुक्रवार, रात्री ११:३१

@जुनं_खोड, तुम्ही चौथी आवृत्ती खेळलेले नाही असं दिसतं. :)

---

अर्धा_फासा | शनिवार, सकाळी ७:४८

बुटकेबुवा, लेव्हल ३ चं कोडं सोपं आहे. पण ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी जरा मागून सुरू करतो. चहा घेऊन बसा.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती जून २००८ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक कॅरेक्टरला 'पॉवर्स': काही हव्या तितक्यांदा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. लेव्हल ३० पर्यंत जाते. दर काही महिन्यांनी नवं पुस्तक, त्यावर दुरुस्त्यांची पत्रकं, आणि शिवाय 'ड्रॅगन' मासिक. ते मासिक छापील स्वरूपात सप्टेंबर २००७ च्या ३५९ व्या अंकाला थांबलं होतं आणि पुढे फक्त ऑनलाइन निघायचं. म्हणजे तुमच्या कॅरेक्टरचं एखादं फीट (निवडून घेतलेलं खास कौशल्य) असं असू शकतं की ते कुठल्याच छापील पुस्तकात नाही. जुनं_खोड यांची पेन्सिल इथे अडते.

म्हणून २००९ च्या सुरुवातीला विझार्ड्सने (खेळाची प्रकाशक कंपनी) वर्गणीदारांसाठी हा बिल्डर काढला. विंडोजवर चालणारा, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर बांधलेला, पूर्ण ऑफलाइन. नेट लागायचं ते फक्त दर महिन्याचा नवा मजकूर उतरवायला. वर्गणी नसेल तर चाचणीपुरता, पहिल्या तीन लेव्हलपर्यंत. तुमचा सेटअप अजून त्या पायरीवरच उभा आहे, कारण पुढचं कुलूप उघडणारा सर्व्हर आता राहिलेला नाही.

गंमत अशी की एक महिन्याची वर्गणी भरून सगळं उतरवलं आणि वर्गणी बंद केली, तरी उतरवलेलं आपल्याकडेच राही. खूप जणांनी तेच केलं. (मीही. वर्गणी चौघांत वाटून. विद्यार्थी होतो, माफ करा.) मग नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने ऑफलाइन बिल्डर सोडला आणि ब्राउझरमध्ये सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनवर चालणारा नवा आणला. त्याच वर्षीची डार्क सन आणि एसेन्शियल्स ही पुस्तकं जुन्या बिल्डरला मिळालीच नाहीत.

आणि नव्याचं काय झालं? क्रोमने २०१५ मध्ये तसले प्लगइन चालवणं थांबवलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. शेवटी शेवटी एकट्या इंटरनेट एक्सप्लोररवर भिस्त होती. १ जानेवारी २०२० ला ती सगळी सेवाच बंद झाली. सिल्व्हरलाइटचा स्वतःचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. जो 'जुनाट' म्हणून बाजूला टाकला तो आजही चालवता येतो, आणि जो 'आधुनिक' म्हणून आणला त्याचा सांगाडाही शिल्लक नाही, कारण नियमांचा साठा सर्व्हरवर होता. सिल्व्हरलाइटचा इन्स्टॉलर जपून ठेवलेले लोक मला भेटलेत. रिकामा डबा जपल्यासारखं आहे ते.

तर मुख्य प्रश्न: तुमच्याकडे नुसता सेटअप आहे, की ज्या विंडोजवर बिल्डर चढवून अपडेट केलेला होता ती अख्खी डिस्क?

---

भीमथडीचा_बुटका | शनिवार, सकाळी ९:०५

अख्खी डिस्क! विंडोज ७ सकट. प्रोग्राम फाइल्समध्ये बिल्डरचं फोल्डर दिसतंय. ते कॉपी करून नव्या लॅपटॉपवर टाकू?

---

डबा_खोलू | शनिवार, सकाळी ९:४०

थांबा! त्या डिस्कला आता हात लावू नका. माळ्यावर इतकी वर्षं पडलेली डिस्क एकदा फिरली म्हणून दुसऱ्यांदा फिरेलच असं नाही.

आधी तिची प्रतिमा काढा, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फायलीत. लिनक्सचा पेन ड्राइव्ह असेल तर 'डीडी'ने, किंवा डिस्क कुरकुरत असेल तर 'डीडीरेस्क्यू'ने. तो वाचता न येणारा भाग सोडून पुढे जातो आणि नंतर परत येऊन प्रयत्न करतो. डिस्क जेवढी, तेवढीच प्रतिमेची फाइल होईल, तर जागा मोकळी ठेवा. मग डिस्क फडक्यात गुंडाळून परत माळ्यावर. पुढचं सगळं त्या प्रतिमेवर.

व्हर्च्युअलबॉक्स हा संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम. ती कच्ची प्रतिमा त्याच्या आज्ञेने व्हीडीआयमध्ये, म्हणजे त्याच्या आभासी डिस्कच्या फायलीत, बदलते. नवं आभासी मशीन करून तिला ही डिस्क जोडायची. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा बहुतेक निळा पडदा येईल, ७बी नावाची चूक दाखवत. घाबरू नका. जुन्या पीसीतल्या डिस्क कंट्रोलरची जात आणि आभासी मशीनची जात वेगळी असते, म्हणून विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सेटिंगमध्ये साटाच्या जागी आयडीई (डिस्क जोडण्याच्या या दोन जाती) करून बघा, नाहीतर उलट. विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगेल, कारण त्याच्या दृष्टीने मशीन बदललंय. पीसीच्या डब्यावरचा किल्लीचा स्टिकर शोधा.

आणि पहिल्या बूटच्या आधी आभासी नेटवर्क कार्ड बंद. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपलाय, त्याला बाहेर फिरायला सोडायचं नाही. फायलींच्या देवाणघेवाणीला शेअर्ड फोल्डर पुरे.

नुसतं फोल्डर उचलून नव्या विंडोजवर टाकणं मी तरी करणार नाही. चालेलही, पण रजिस्ट्रीत काय काय राहिलं ते शोधत दिवाळी जाईल. विंडोज ७ मध्ये डॉट नेट ३.५ मुळातच असतं, त्यामुळे तोही त्रास नाही.

---

गोब्लिन_नंबर_४ | शनिवार, सकाळी ११:१५

एवढा खटाटोप कशाला? सगळी पुस्तकं भरलेला तयार बिल्डर मिळतो. ही घ्या लिंक:
[लिंक काढली आहे. तयार डेटाच्या लिंका इथे नकोत. साधनाबद्दल बोला, हरकत नाही. – संपादक मंडळ]

---

गोब्लिन_नंबर_४ | शनिवार, सकाळी ११:५०

वा! जे कंपनी विकतच नाही ते घेतलं तर कुणाचं नुकसान?

---

कलमबहाद्दर | शनिवार, दुपारी १:१०

गोब्लिनराव, 'विकत नाही' हे अर्धंच खरं. बिल्डर विकत मिळत नाही, पण चौथ्या आवृत्तीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात अधिकृतपणे मिळतात. २००९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने सगळ्या पीडीएफची विक्री अचानक थांबवली होती, ती २०१३ मध्ये परत सुरू झाली. तेव्हा पुस्तकांचा मजकूर हा अजून चालू माल आहे.

आपल्याकडचा कायदा इथे बऱ्यापैकी समंजस आहे. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ५२. रीतसर ताब्यात असलेल्या संगणक-प्रणालीची प्रत ज्या कामासाठी दिली त्या कामाकरता काढणं, आणि हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यापासून संरक्षण म्हणून बॅकअप काढणं, हे उल्लंघन धरलेलं नाही. रीतसर मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून बिनव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी काढलेल्या प्रतींचीही त्यात सोय आहे. २०१२ च्या दुरुस्तीत ६५अ हे कलम आलं. कुलूप तोडण्याला त्यात शिक्षा आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. बुटकेबुवांनी स्वतः वर्गणी भरून बिल्डर उतरवून घेतलेल्या डिस्कची प्रतिमा काढणं आणि अनोळखी माणसाने वाटलेला भरलेला डबा उचलणं, यात मला तरी फरक दिसतो. (हा वकिली सल्ला नव्हे. फी घेतलेली नाही.)

---

अर्धा_फासा | शनिवार, दुपारी २:३०

जरा भर घालतो. चाहत्यांनी लिहिलेला 'सीबीलोडर' म्हणून एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो मूळ बिल्डर सुरू करताना त्याच्या नियमांच्या साठ्यात आपल्या जोड-फायली मिसळतो. घरगुती नियम, स्वतः रचलेली पॉवर, राहून गेलेली दुरुस्ती असं काहीही साध्या मजकुरात लिहून आत सोडता येतं. प्रोग्रॅम एक गोष्ट, त्याबरोबर फिरणारा पुस्तकांचा मजकूर दुसरी. संपादक मंडळाची रेघ बरोबर जागी आहे असं माझं मत.

तिसऱ्या आवृत्तीला हा प्रश्न इतका टोचला नाही. २००० साली ओपन गेम लायसन्स आणि नियमांचा खुला दस्तऐवज आला, त्यावर पीसीजेन हे कॅरेक्टर बनवण्याचं, जावात लिहिलेलं मुक्त साधन उभं राहिलं आणि आजही चालतं. त्यातूनही खुल्या परवान्यात न बसणाऱ्या पुस्तकांचा डेटा काढावा लागला होता. चौथ्या आवृत्तीचा परवाना फारच आखडता होता, नियमांचा मजकूर कुणाला असा वापरायला मिळालाच नाही. त्यामुळे त्या आवृत्तीचं पीसीजेन कुणी करू धजलं नाही. पाचवीचं मात्र ओपन गेम लायसन्स बदलण्यावरून झालेल्या जानेवारी २०२३ च्या गदारोळानंतर भलं झालं, तिचा मूळ नियम-दस्तऐवज थेट क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली गेला. तो आता परत घेता येत नाही.

---

कंपोझिटर | शनिवार, सायंकाळी ६:२२

खेळाचे मला काही कळत नाही, मुलगा खेळतो. पण हे दुखणे ओळखीचे वाटले म्हणून लिहितो. माझ्याकडे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रॅममध्ये केलेले बारा दिवाळी अंक आहेत. फाइल आहे, पेजमेकर आहे, फॉन्टही आहे, पण ते लिपी-सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे लावावा लागणारा डोंगल (परवान्याची किल्ली) कुठल्याशा ड्रॉवरमध्ये हरवला. युनिकोडच्या आधीचा मजकूर, त्यामुळे नुसता उघडला तर 'क'च्या जागी डॉलर आणि काना म्हणजे कंस. मी मग प्रत्येक फॉन्टचा अक्षर-तक्ता हाताने तयार केला आणि सगळे युनिकोडमध्ये आणले. दोन पावसाळे गेले.

सांगायचे ते एवढेच, की तुमच्या त्या पाच फायली आधी साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत वाचता येण्यासारखे असेल तर अर्धी लढाई जिंकलात.

---

भीमथडीचा_बुटका | शनिवार, रात्री ९:४५

कंपोझिटर काका, तुमच्या तोंडात साखर पडो!

नोटपॅडमध्ये उघडली. सरळ एक्सएमएल आहे. वर नाव, वय, उंची, मग सहा गुण, मग प्रत्येक आकड्याची बेरीज कुठून आली त्याचा हिशोब, घेतलेली फीट्स, पिशवीतलं सामान. तळाशी प्रत्येक पॉवर आणि प्रत्येक शस्त्रागणिक हल्ल्याचा आकडा आणि नुकसान. पॉवरचं वर्णन मात्र नाही, ते पुस्तकातून घ्यावं लागेल. पुस्तक आहे, डाळीच्या डागांसकट.

एक कोडं. कुऱ्हाडीचा हल्ला फाइलमध्ये +१५ आहे. मी हाताने केला तर +१४. लेव्हलचे निम्मे ४, स्ट्रेंग्थ २० चे ५, कुऱ्हाडीच्या सरावाचे २, जादूचे २, लढवय्याचा खास १. चौदा. मशीनने एक कुठून आणला?

---

जुनं_खोड | शनिवार, रात्री १०:०२

बघा, म्हणून पेन्सिल.

---

हडसनपार | रविवार, सकाळी ६:३८

अरे बैला, वेपन एक्स्पर्टीज! प्लेयर्स हँडबुक २ मधलं फीट. मीच तुला घ्यायला लावलं होतं, तुला 'नुसता एक वाढतो, त्यात काय मजा' म्हणून नको होतं. हिरोइक टियरला (पहिल्या दहा लेव्हलना) +१. फाइलमध्ये फीट्सच्या यादीत बघ.

बाकीच्या चार फायली इकडे न्यू जर्सीला पाठव. माझा चोर त्यात आहे ना?

---

भीमथडीचा_बुटका | रविवार, सकाळी ८:१५

सापडलं, यादीत आहे. पंधराच बरोबर. जुनं_खोड, पेन्सिल विसरली होती. :)

तुझा चोर आहे. पण त्याच्या 'नोट्स'च्या रकान्यात रोमन अक्षरं, टक्के, डॉलर, कंस यांची खिचडी आहे. चांगल्या सातआठ ओळी. फाइल खराब झाली की काय?

---

डबा_खोलू | रविवार, सकाळी १०:२०

फाइल खराब असती तर बहुतेक एक्सएमएल मधेच तुटलं असतं आणि ब्राउझरने कुठल्या ओळीत बिघडलंय ते सांगितलं असतं. ब्राउझरमध्ये ओढून टाका, शेंडा-बुडखा नीट जुळत असेल तर फाइल बहुधा धडधाकट आहे.

पाचही फायलींचा शा-२५६ आकडा (फायलीचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून एका कागदावर लिहून ठेवा. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल'ने निघतो. पुढे कधी प्रतींपैकी एखादी बिघडली तर कुठली ते लगेच कळतं.

---

आळशी_विझार्ड | रविवार, दुपारी १२:०५

विषय निघालाच आहे तर. मी पाचवी आवृत्ती डीएनडी बियॉन्ड या साइटवर खेळते. तिथलं काय जपून ठेवू? की ते कायमचं आहे?

---

अर्धा_फासा | रविवार, दुपारी १:३०

ती साइट २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिचे मालक बदलत आलेत. विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने घेतली २०२२ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं की नवे नियम आले की जुन्या शीटवरचे मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या रूपात बदलतील. लोकांनी ओरड केल्यावर काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. साइट चांगलीच आहे, मी वापरतो. पण तिथे तुम्ही जे बघता ते तिकडून आलेलं असतं, तुमच्या डिस्कवर काही नसतं.

दर लेव्हल वाढली की शीट पीडीएफ करून ठेवा. फाइलच्या नावात लेव्हल आणि तारीख. पीडीएफमध्ये निदान आकडे राहतात आणि ती उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. नकाशे आणि टोकन वगैरे असतील तर स्वतःच्या मशीनवर चालणारी साधनं बघा. मॅपटूल मुक्त आणि फुकट आहे, फाउंड्री एकदाच पैसे घेऊन स्वतःच्या संगणकावर चालतं.

---

भीमथडीचा_बुटका | सोमवार, रात्री ११:५५

चालला!!!

डीडीरेस्क्यूला साडेपाच तास लागले, दोन जागी अडखळला पण पुरं वाचलं. निळा पडदा आला, अगदी डबा_खोलू म्हणाले तोच. आयडीई केल्यावर विंडोज ७ चा तो जुना आवाज आला आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, "हे काय, ऑफिसचा पीसी घरी आणलास?"

बिल्डर उघडला, खडकोबा उघडला. पाचही शीटा पीडीएफ केल्या, मशीनची स्नॅपशॉट घेतली, मग अख्खं मशीन ओव्हीए करून, म्हणजे एकाच फायलीत बांधून, दोन ठिकाणी ठेवलं. एक्सएमएल तिसऱ्या ठिकाणी.

चोराच्या नोट्स बिल्डरमध्येही तशाच खिचडी.

---

हडसनपार | मंगळवार, सकाळी ७:१०

आठवलं. ते मी आमच्या प्रेसवरच्या पीसीवर टाइप केलं होतं, तिथला फॉन्ट. बिल्डरमध्ये चिकटवताना फॉन्ट गेला. काय लिहिलं होतं ते देव जाणे. बहुतेक चोराचं पूर्वायुष्य.

---

कंपोझिटर | मंगळवार, सकाळी ९:००

तो मजकूर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. फॉन्ट कोणता असेल याचा अंदाज आहे.

---

कंपोझिटर | मंगळवार, रात्री ८:४०

निघाला. रफार दोन ठिकाणी हाताने लावावे लागले. पूर्वायुष्य वगैरे नाही. बुटकेबुवांची परवानगी घेऊन इथे देतो:

"खडकोबा मेला तर कुऱ्हाड माझी. ढाल विकायची, पैसे निम्मे निम्मे. त्याला सांगायचं नाही. तिसऱ्या दालनात सापळा आहे हे मला माहीत आहे, मी तपासलाय. खडकोबाला पुढे जाऊ द्यायचं. गेल्या रविवारचे वडापावचे ४० रुपये त्याच्याकडून येणे आहेत, ते आधी घ्यावेत."

---

भीमथडीचा_बुटका | मंगळवार, रात्री ८:४६

@हडसनपार

मोहीम तिसऱ्या दालनाच्या दारातच थांबली होती ना रे?

---

हडसनपार | मंगळवार, रात्री ८:५१

तिकीट बदलता येतंय का बघतो.